डेंटल हायजिनिस्टची कुळकथा : नंजनगूड आणि ब्रिजपोर्ट

म्हैसूरच्या दक्षिणेस कपिला नदीकाठी वसलेल्या नंजनगूड येथे 1913 मध्ये बी. व्ही. पंडित यांनी सद्वैद्यशाला स्थापन केली आणि तिचे गुलाबी दंतमंजन पुढे कर्नाटकात घरोघरी पोहोचले. त्याच वर्षी अमेरिकेतील ब्रिजपोर्ट शहरात डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी डेंटल हायजिनिस्टांची, म्हणजे दात न भरता वा न काढता ते खरवडून स्वच्छ करणाऱ्या आणि त्यांची निगा शिकवणाऱ्या व्यावसायिकांची, पहिली शाळा उघडली. हा निव्वळ योगायोग असला तरी बोलका आहे, कारण दात निरोगी राखण्याचे काम एकीकडे डबीतल्या पुडीवर सोपवले गेले, तर दुसरीकडे प्रशिक्षित माणसावर.

फोन्स यांनी 1906 मध्ये आपल्या साहाय्यक आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवले होते, म्हणून हा व्यवसाय दंतवैद्याच्या हाताखालीच जन्मला, असे मानण्याकडे कल असतो. परंतु शाळेच्या पहिल्या तुकडीतील स्त्रिया शहरातील विद्यार्थ्यांचे दात तपासण्या-घासण्याच्या कामावर गेल्या, हे ध्यानात घेतले, तर 1980 च्या दशकात कोलोरॅडो राज्याने हायजिनिस्टांना दिलेली स्वतंत्र व्यवसायाची मुभा ही नवलाई न ठरता मूळ कुळाकडे परतणे ठरते.

भारतीय शाखेची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टची व्याख्या करताना दात खरवडणे, साफ करणे, चकाकवणे आणि निगेचे शिक्षण देणे एवढेच नोंदवले. त्या व्याख्येत दंतवैद्याच्या देखरेखीचा उल्लेख नाही, आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करण्यास मनाई करणाऱ्या कलमात नोंदणीकृत दंतवैद्याच्या शेजारीच नोंदणीकृत हायजिनिस्टला स्थान आहे. असे असूनही हा व्यवसाय दवाखान्याच्या चौकटीबाहेर फारसा पडला नाही, याचे खापर मंजनावर फोडण्याचा मोह होतो. मात्र मंजन दातांवरचा मऊ थर काढते, तर लाळेतील क्षार बसून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस जमलेले टणक कीटण त्याला हटत नाही आणि ते हत्यारानेच खरवडावे लागते, तेव्हा पुडीने माणसाची जागा घेतली असे म्हणता येत नाही.

दुसरे स्पष्टीकरण अधिक सबळ आहे. म्हैसूरमध्ये 1986 मध्ये जेएसएस दंतमहाविद्यालय सुरू झाले, कर्नाटकात अशी खासगी महाविद्यालये वाढत गेली, आणि नव्या दंतवैद्याच्या हाती सर्वांत आधी येणारी कमाई कीटण काढण्याचीच असल्याने ती दुसऱ्याकडे सोपवण्याचे त्याला कारण उरले नाही. तरीही मंजनाचा वाटा पूर्णपणे नाकारता येत नाही: रोजची स्वच्छता घरची बाब ठरल्यामुळे रुग्ण ठणका लागल्यावरच दार ठोठावतो, आणि ठणक्यावर उपाय हायजिनिस्टच्या अधिकारात बसत नाही. म्हणून स्वतंत्र व्यवसायाचा विस्तार दवाखान्यांची दाटी झालेल्या शहरी पेठांपेक्षा शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत शोधणे युक्त ठरेल. संसदेने 2023 मध्ये दंतवैद्यकासाठी नवा कायदा संमत केल्यानंतरही ब्रिजपोर्टच्या या धड्याचे मोल कमी झालेले नाही.