टेलफोर्ड टेलर: गणवेशातला वकील

आजच्या भागात किल्ले नाहीत, तलवारी नाहीत. आज गोष्ट एका वकिलाची.

टेलफोर्ड टेलर. जन्म १९०८, अमेरिका. १९३२ मध्ये हार्वर्डमधून कायद्याची पदवी, मग सरकारी नोकरी. १९४२ मध्ये ते लष्कराच्या गुप्तचर विभागात गेले आणि पोचले इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कला. जर्मनांचे एनिग्मा संदेश जिथे फोडले जायचे, तिथे!

युद्ध संपलं आणि टेलर पुन्हा कोर्टात उभे राहिले, न्यूरेंबर्गला. समोर जर्मन सेनापती. त्यांचा बचाव साधा होता: आम्ही सैनिक, वरून हुकूम आला, आम्ही पाळला. पण पकडलेल्या सोव्हिएत राजकीय अधिकाऱ्यांना गोळ्या घाला, हा १९४१ चा हुकूम खाली पोचवला कोणी? याच सेनापतींनी ना!

१९४६ मध्ये जर्मन सेनानेतृत्वाला 'गुन्हेगारी संघटना' ठरवायला न्यायाधीशांनी नकार दिला. खटले माणसागणिक चालवा, म्हणाले. मग पुढच्या १२ खटल्यांचे मुख्य वकील टेलरच झाले. आरोपी १८५. डॉक्टर, न्यायाधीश, उद्योगपती आणि हो, सेनापतीसुद्धा.

कोर्टात जे अर्धवट राहिलं, ते त्यांनी पुस्तकांत नेलं असं मला वाटतं. १९५२ च्या 'स्वोर्ड अँड स्वस्तिका'मध्ये हिटलर आणि जर्मन सैन्याचं नातं उलगडलं. १९६७ मध्ये १९४० च्या उन्हाळ्यातल्या युद्धावर 'द ब्रेकिंग वेव्ह' आलं. गंमत बघा, ब्लेचलीचं गुपित जगासमोर आलं १९७४ मध्ये. म्हणजे इतिहास लिहिताना स्वतः केलेलं काम त्यांना गिळून टाकावं लागलं!

पण मला हा माणूस आवडतो तो १९७० साठी. व्हिएतनाममध्ये माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकरी मारले होते. टेलरनी पुस्तक लिहिलं, 'न्यूरेंबर्ग अँड व्हिएतनाम'. जर्मनांना लावलेली फूटपट्टी आता आपल्याला लावा, असा त्याचा रोख. १९७२ च्या डिसेंबरात तर ते हनोईत होते, वरून त्यांच्याच देशाची विमानं बॉम्ब टाकत असताना.

हरलेल्यांचा न्याय करणं सोपं असतं हो. आपल्या माणसांची वेळ आली की आपली फूटपट्टी लांबते की आखडते? मी स्वतःला विचारतोय. तुम्हीही विचारा.

भेटू पुढच्या भागात!