कुत्र्याचे पाय अचानक लुळे पडले तर? निदानाचा थोडा इतिहास

कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले की आपण म्हणतो, ‘मार लागला असेल, सांधे सुजले असतील.’ अनेकदा तसे असतेही, आणि औषधांनी ते बरे होते. पण मुक्या रेबीजमध्येही पाय असेच लुळे पडतात. जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात हाड अडकले समजून तोंडात हात घालू नका.

१९०३ मध्ये इटलीच्या अदेल्की नेग्री यांना पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली खास कण दिसले. प्रयोगशाळेत निदान सोपे झाले, पण कुत्रा मेल्यावर! आजही पक्के निदान मेंदू तपासूनच होते. म्हणून कुत्रा चावला तर निदानाची वाट पाहू नका.

१९११ मध्ये कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी प्राण्यांच्या मेंदूपासून लस बनवली. हीच ती पोटातली चौदा इंजेक्शने. तिने अनेकांना वाचवले, पण काहींच्या मज्जारज्जूला तिच्यामुळेच सूज येई. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. तिची भीती मात्र अजून गेलेली नाही.

आजची लस दंडात देतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. अंबाजोगाई परिसरात असाल, तर ‘स्वाराती’ रुग्णालय.