कॉलऱ्याचा जिवाणू आणि त्याची चिकट प्रथिने

नळाच्या आतल्या बाजूस, पाण्यातील दगडावर किंवा दातांवर साचणारा बुळबुळीत थर म्हणजे जैवपटल. स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात जिवाणूंनी दाटीने केलेली ती वस्ती होय. या द्रव्यात बहुशर्करा विपुल असते. तथापि केवळ शर्करेवर वस्ती टिकत नाही. तिला सांधणारी प्रथिने कोणती, हे कॉलऱ्याच्या जिवाणूत विशेष स्पष्टपणे उलगडले आहे.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात अभ्यासलेला हा स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू मूळचा खाड्यांच्या व समुद्राच्या पाण्यातला. तेथे कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म प्राण्यांच्या कायटिनयुक्त कवचावर तो वस्ती करतो. केसासारख्या प्रथिन-तंतूंनी तो पृष्ठभाग चाचपतो. ‘जीबीपी-ए’ हे प्रथिन त्याला कायटिनशी जखडते. हेच प्रथिन मनुष्याच्या आतड्याच्या अस्तराला चिकटण्यासही उपयोगी पडते, हे लक्षणीय आहे.

एकदा स्थिरावल्यावर जिवाणू बहुशर्करा स्रवू लागतो आणि तीन प्रथिने बांधकाम हाती घेतात. ‘आरबीएम-ए’ पेशीला पेशी जोडते. त्यामुळे विभाजनानंतर नवी पेशी मूळ पेशीपासून सुटत नाही. ‘बॅप-१’ वस्तीच्या तळाशी पसरून ती पृष्ठभागाला घट्ट धरून ठेवते. ‘आरबीएम-सी’ हे ‘बॅप-१’ व बहुशर्करेच्या साहाय्याने पेशींच्या पुंजक्यांभोवती लवचीक वेष्टन तयार करते. प्रयोगशाळेत ‘आरबीएम-ए’ काढून टाकल्यास पटल ठिसूळ होते.

रोगाच्या दृष्टीने यातील गोम अशी की, सुट्या जिवाणूंना मारक ठरणारे जठरातील आम्ल पटलातील जिवाणूंना तितकेसे बाधत नाही. कोपेपॉडसह गिळलेला पुंजका म्हणूनच अधिक घातक.

मात्र हा चिकटपणाच त्याची दुबळी बाजूही आहे. एकटा जिवाणू कापडातून सहज पार होतो. कोपेपॉड अडकतो, आणि त्याला चिकटलेले जिवाणूही. बांगलादेशातील ६५ खेड्यांत रीटा कोलवेल व सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. पाणी उकळण्याला हा पर्याय नव्हे. उकळायला सरपणच नसलेल्या घरांसाठीचा तो उपाय होता. नवे कापड मात्र चालत नाही. वापरून धुतलेल्या साडीचे धागे सैल होऊन त्यांतील छिद्रे बारीक होतात, म्हणून जुनीच साडी हवी.