रानपिंगळा : एका खोट्या चिठ्ठीची गोष्ट



भारतात सुट्टीवर गेलं की पक्षी बघायला आपली धाव भरतपूरला आणि वाघ बघायला ताडोबाला. मी म्हणेन, एकदा मेळघाटला जा, आणि तेही वीतभर घुबडासाठी. नाव रानपिंगळा. त्याचा इतिहास एखाद्या रहस्यकथेला शोभेल असा आहे.

१८७२ साली ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला हा पक्षी आजच्या छत्तीसगडात मिळाला. ए. ओ. ह्यूम (हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच!) यांनी पुढच्या वर्षी त्याचं वर्णन छापलं आणि शास्त्रीय नावात ब्लेविटचं नाव घातलं. नंतर जेम्स डेव्हिडसन या आयसीएस अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कुणाला दिसेना.

मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे बडं प्रस्थ पुढे आलं. ब्रिटिश फौजेत कर्नल, पक्षीशास्त्रात मोठं नाव. त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्यावरची चिठ्ठी सांगत होती : १९१४, मांडवी, गुजरात. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? शोध घेणारे त्या पत्त्यावर विसंबले. सत्तरच्या दशकात सलीम अली आणि डिलन रिप्ले यांनीही शोधलं, पण पक्षी काही सापडला नाही. तो बहुधा नामशेष झाला, असं लोक धरून चालले.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या पामेला रासमुसेन जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातले बरेच पक्षी चोरीचे आणि चिठ्ठ्या बनावट, हे तेव्हा उघडकीला येत होतं. हा रानपिंगळाही त्यातलाच निघाला. एक्स-रेमध्ये आतली जुनी भरण्याची पद्धत दिसली, ती डेव्हिडसनची! म्हणजे ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसनचाच पक्षी उचलून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेली.

मांडवीचा पत्ता खोटा ठरल्यावर उरले फक्त खरे जुने पत्ते. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघं आधी पूर्वेकडे फिरले, हात हलवत परतले आणि मग शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा चक्क उजेडात बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

तो उजेडात दिसला यात नवल नाही. हे घुबड दिवसाही शिकार करतं. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याचं डोकं जवळपास कोरं. पंख-शेपटीवर ठळक पट्टे आणि पाय दणकट. पुढे तो मेळघाटात चांगल्या संख्येने आढळला आणि २०१४ साली मुंबईकरांच्या हाकेवरच्या तानसा अभयारण्यातही.

मला यातून एकच सांगायचंय. डेव्हिडसनने ठिकाण प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, म्हणून पक्षी सापडला. खोट्या चिठ्ठीने माणसं भलत्याच रानात फिरवली आणि तेवढ्या काळात इकडे सातपुड्यातलं जंगल तुटत होतं. जो पक्षी संपला असं धरलं, त्याचं रान वाचवायला कोण जाणार? रानपिंगळा आजही धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

तेव्हा पुढच्या भारतवारीत दिसलेल्या पक्ष्यांची नोंद कराल, तर जागा आणि तारीख नीट लिहा. खात्री नसेल तर तसंही लिहा. शंभर वर्षांनी कुणीतरी त्याच पत्त्यावर जाऊन उभं राहील.