डिलीशन एरर (ईआरपी)

डिलीशन एरर (ईआरपी) : कंपनीच्या ईआरपी (एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग) प्रणालीतला एखादा मास्टर (मूळ नोंद), कोड किंवा दस्तऐवज डिलीट करायला गेल्यावर मिळणारा नकार. ही नोंद मुख्यतः जर्मनीतल्या सॅप (स्थापना १९७२) या कंपनीच्या प्रणालीबद्दल आहे. 'एरर' हे नाव जरा अन्यायाचेच. बहुतेक वेळा बिघडलेले काहीच नसते. त्या नोंदीवर दुसरे कोणीतरी अवलंबून असते, एवढेच.

ग्राहक पुसला आणि त्याची बिले मागे राहिली, तर ती कोणाची हे कळणार नाही. म्हणून ऑरॅकल डेटाबेस 'चाइल्ड रेकॉर्ड' सापडल्याचे सांगून ओआरए-०२२९२ या क्रमांकाने अडवतो. सॅपमध्ये मात्र ही राखण सहसा डेटाबेस करत नाही, प्रोग्रॅम करतो. त्यामुळे टेबलात थेट हात घालून ओळ उडवली तर अडवणारे कोणी नसते, आणि घोटाळा पुढे कधीतरी, बहुधा मार्चअखेरीस, वर येतो. हा उपाय कितीही सोपा वाटला तरी वर्ज्य समजावा.

नेहमीचे उदाहरण : स्टोअरमध्ये ६२०५ नंबरच्या बेअरिंगचे चुकून दोन कोड उघडले गेले. जास्तीचा काढायचा, तर आधी त्यावरचे शिल्लक चार नग ३०९ या मूव्हमेंट टाइपने खऱ्या कोडवर न्यावे लागतात. उघड्या पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) बंद कराव्या लागतात, बीओएममध्ये (उत्पादनाच्या सुट्या भागांच्या यादीत) तो कोड कुठे वापरला आहे ते सीएस१५ या व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) शोधून बदलावे लागते. मग एमएम०६ मध्ये डिलीशन फ्लॅग. फ्लॅग लागला म्हणजे कोड गेला असे नव्हे. तो फक्त जाण्याच्या रांगेत उभा राहतो. प्रत्यक्ष गच्छंती सारा या व्यवहारातून, आर्काइव्हिंगने होते, आणि तिथेही जुन्या पीओ आधी आर्काइव्ह झालेल्या नसतील तर कोड जागचा हलत नाही. कोडऐवजी कॉस्ट सेंटर काढायचे असेल आणि त्यावर पोस्टिंग झालेले असले, तर केएस०४ हा व्यवहार नकार देतो. तेव्हा ते लॉक करून ठेवतात.

कधी कारण अगदी किरकोळ असते. कोणीतरी तीच नोंद बदलण्यासाठी उघडून डबा खायला गेलेले असते. तोवर ती नोंद लॉक असते. एसएम१२ मध्ये त्याचा यूजर आयडी दिसतो. तिथून लॉक उडवण्यापेक्षा त्याला फोन करून स्क्रीन बंद करायला सांगावी, कारण अर्धवट सेव्ह झालेला दस्तऐवज निस्तरणे फार महागात पडते. परवानगीच नसेल, तर नकार मिळाल्यावर लगेच एसयू५३ चालवून त्याचा स्क्रीनशॉट बेसिस टीमला (सॅपची तांत्रिक देखभाल करणाऱ्यांना) पाठवावा.

पोस्ट झालेला हिशेबी दस्तऐवज डिलीट होतच नाही. एफबी०८ ने त्याची उलट नोंद करतात. भारतात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणे बंधनकारक आहे, आणि हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात.