वाटखर्चीची गाठ

आम्ही हर्णेच्या बचत गटांच्या बाया बोलतोय. संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव उरकतो, टोपल्या धुऊन होतात, आणि मग आमची बैठक भरते. मागच्या बैठकीत आमच्या एका सदस्येने मोबाईलवर फोटो दाखवला. तिचा मुलगा प्रवासी जहाजावर, म्हणजे क्रूझवर, कामाला लागलाय. पाच-सहा मजली जहाज, दिव्यांनी उजळलेलं. सगळ्या बघत बसल्या. आमच्या गटातल्या ऐंशी ओलांडलेल्या आजींनी मात्र एकच विचारलं, "एवढ्या मोठ्या बोटीत लोकं पैसे ठेवतात कुठं?"

आम्ही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. भर समुद्रात ना बँक, ना ओळखीचा दुकानदार, ना उसने मागायला शेजारीण. हातात असेल तेवढाच पैसा आपला. हर्णेच्या बायकांनी हा प्रश्न कितीतरी वर्षं आपल्या पद्धतीने सोडवला होता. आज त्याचाच इतिहास सांगतो.

आपल्याकडे गाडीरस्ते नीट नव्हते तेव्हा मुंबईला जायची वाट समुद्रातूनच होती. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी कोकण किनाऱ्याने एकेक बंदर घेत जायच्या. हर्णे त्यातलं एक. बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, गाठोडी, आंब्याच्या पेट्या पडावातून तिच्यापर्यंत न्यायच्या. पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे गणपतीला गावी यायचं तरी बोटी सुरू झाल्यात की नाही, याकडे मुंबईकरांचा डोळा असायचा.

आता विचार करा. एका हाताने लुगडं सावरायचं, काखेत मूल, पायाखाली हलणारा पडाव. अशा वेळी पैसे गाठोड्यात ठेवून कसं चालेल? गाठोडं कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जाईल, पाण्यात पडेल, सांगता येत नाही. म्हणून बायका पैसा अंगावर ठेवत. थोडा कनवटीला, थोडा चोळीत, थोडा पदराच्या गाठीत. आजी सांगतात, त्यांच्या आईच्या तीन गाठी ठरलेल्या असत. पहिली हमाल, चहा, पोरांचा खाऊ यांची. ती सारखी सोडायची, सारखी बांधायची. दुसरी मुंबईत उतरल्यावर लागणाऱ्या खर्चाची. तिसरी परतीच्या तिकिटाची. तिला काही झालं तरी हात लावायचा नाही. "नवऱ्याने मागितली तरी नाही," असं आजी म्हणाल्या आणि बैठकीत एकदम शांतता पसरली.

ही तिसरी गाठ समजून घ्यायला हवी. परतीचं भाडं ज्या बाईच्या अंगावर आहे, ती मुंबईत कुणाच्या मेहेरबानीवर नसते. भाऊ तुसडेपणाने वागला, खोलीत दहा माणसं झोपायला निघाली, नवऱ्याने हात उगारला, तर ती दुसऱ्या दिवशी बोटीत बसू शकते. गाठ नसली, तर कुणीतरी "जा" म्हणेपर्यंत थांबायचं.

दुसरी काळजी खुर्द्याची, म्हणजे सुट्या पैशांची. तेव्हा रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे आणि पैशाच्या 3 पै. म्हणजे रुपयाच्या 64 पैसे, 192 पै. बोटीवर एका आण्याची वस्तू घेतली आणि अख्खा रुपया पुढे केला, की समोरचा म्हणणार, सुटे नाहीत. मग एक तर वस्तू सोडा, नाहीतर पैसे सोडा. म्हणून निघायच्या आधी गावातच रुपया मोडून घ्यायचा, हा नियम.

दुसऱ्या महायुद्धात तर सुट्या नाण्यांची फार टंचाई झाली. 1940 मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली, कारण चांदी वाचवायची होती. 1943 पासून तांब्याचा पैसाही मधोमध भोक पाडून पाडला जाऊ लागला. तांबं तेवढंच वाचलं. तो भोकाचा पैसा आपल्यापैकी काहींच्या घरात अजून देवाऱ्यात सापडेल. आजींच्या आईने तो दोऱ्यात ओवून कमरेला बांधला होता. सरकारने तांबं वाचवायला पाडलेलं भोक बाईच्या सोयीचं ठरलं!

मग 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. रुपयाचे 100 झाले. हिशोबाने एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, पण पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून आण्याला 6, दोन आण्यांना 12, तीन आण्यांना 19 आणि चार आण्यांना 25 असं कोष्टक ठरलं. आता एक बाई आण्याला एक वाटा या भावाने सुकी मासळी विकते आहे असं धरा. प्रत्येक वाट्याचे तिने 6 नवे पैसे घेतले, तर 16 वाटे विकून तिच्या हाती 96 पैसे. रुपयामागे 4 पैसे गेले. कुणी लुबाडलं नाही, हिशोबातच गेले. ज्या बाईला हे समजलं, ती चार वाटे एकदम विकून पावली मागू लागली. आमच्या आजी शाळा फारशी शिकलेल्या नाहीत, पण हे गणित त्यांना अजून तोंडपाठ आहे.

पण पैसा मुळात यायचा कुठून? आपला रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर चालतो, असं लोक म्हणत. टपाल खात्याने मनीऑर्डरचं काम 1880 मध्ये हाती घेतलं आणि गिरणीतला पैसा पोस्टमनच्या पिशवीतून कोकणात येऊ लागला. मात्र ती पुष्कळदा सासऱ्याच्या नावाने यायची. सुनेच्या नावाने आली तरी अंगठा तिचा आणि पैसा घराचा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा ही धारच आटली. ज्या घरातल्या बाईचा मासळीचा, कोंबड्यांचा, कोकमांचा थोडा का होईना स्वतःचा पैसा होता, त्या घरी चूल पेटत राहिली. वाटखर्चीची गाठ त्याच पैशातून बांधलेली असायची. तो पैसा थोडा असे, पण कुठे खर्च करायचा ते तीच ठरवत असे.

आगबोटी गेल्या, एसटी आली, पण गाठ राहिली. आणि 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री ती उघडी पडली. 1946 आणि 1978 मध्येही सरकारने मोठ्या नोटा रद्द केल्या होत्या, पण हजाराची नोट आपल्या घरात होती कुठे? या वेळी पाचशेची नोट गेली आणि ती प्रत्येकीच्या तांदळाच्या डब्यात होती. आमच्या एका सदस्येने मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला जायचं म्हणून चार नोटा बाजूला ठेवल्या होत्या. नवऱ्याला माहीत नव्हतं. ती आधी गटात आली आणि रडली. पैसे बुडतील याचं दुःख कमी होतं. "आता सांगावं लागेल," याचं जास्त होतं. तिचं स्वतःच्या नावाचं खातंच नव्हतं. रांगेत उभं राहून खातं उघडलं, नोटा भरल्या, लिलावाचे दोन दिवस बुडाले. त्या वर्षी आम्ही ठरवलं, गटातल्या एकीचंही खातं नवऱ्याच्या जोडीने नको, स्वतःचं हवं.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. 2018 मध्ये मुंबई ते गोवा 'आंग्रिया' नावाची क्रूझ सुरू झाली होती. आपल्या समोरच्या सुवर्णदुर्गावर ज्यांचा अंमल होता, त्या कान्होजी आंग्र्यांचं नाव तिला दिलं होतं. पण मोठ्या क्रूझवर आता चहालासुद्धा रोकड चालत नाही. बोटीवर चढताना खात्याशी जोडलेलं एक कार्ड मिळतं, किंवा आधी रोख भरून ठेवायची. मग जे घ्याल ते कार्डावर चढतं आणि शेवटी बिल हातात पडतं. आजींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे गाठ सोडलेली कळतच नाही!"

अगदी बरोबर बोलल्या. पदराची गाठ हलकी झाली की बोटांना कळायचं. कार्डाचं, मोबाईलचं तसं नाही. म्हणून आम्ही बैठकीत तीन गोष्टी लिहून घेतल्या, तुम्हीही घ्या. प्रवासाला निघताना थोडी सुटी रोकड जवळ हवीच, कारण समुद्रात आणि घाटात रेंज जाते. रोजचा खर्च रात्री वहीत लिहायचा, मोबाईलने दिला असला तरी. आणि परतीचे पैसे वेगळ्या जागी ठेवायचे, त्यांचा पिन कुणालाही सांगायचा नाही.

गटाने यंदापासून 'वाटखर्ची' नावाचं वेगळं खातेपान सुरू केलं आहे. ज्या बाईला माहेरी, दवाखान्यात, लेकीकडे जायचं असेल, तिने कारण न सांगता त्यातून परतीचं भाडं उचलावं आणि तीन हप्त्यांत फेडावं. कारण न सांगता, हा शब्द ठरावात घालायला आजींनीच लावला.

पहिली उचल परवा झाली. कुणी घेतली, ते आम्ही सांगणार नाही.