गडचिरोली-चंद्रपूर : फौजदारी न्यायव्यवस्थेला बाहेरची मदत

एखाद्या देशाचे पोलीस, कोर्ट आणि तुरुंग सावरण्यासाठी दुसऱ्या देशाने पैसा, प्रशिक्षण व साधने पुरवण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने तर १९८६ साली त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रमच सुरू केला. भारतात पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतले विषय. त्यामुळे विदर्भाच्या जंगलपट्ट्यात बाहेरची मदत म्हणजे परदेशी नव्हे, दिल्लीची. देणारा आपला असला तरी पैसा कशावर खर्च व्हावा हे देणाराच ठरवतो, आणि या मदतीचे गुणदोष तिथूनच सुरू होतात.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातला बहुतांश भाग जंगल. नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी १९९० मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी सी-६० पथक उभे केले. गोंडी-माडिया बोलणारी, पायवाटा ठाऊक असलेली स्थानिक पोरे त्यात घेतली. ही कल्पना इथलीच होती. निधीचा ओघ पुढे वाढला. केंद्राची सुरक्षाविषयक खर्चाची योजना, म्हणजे एसआरई, १९९६ पासूनची. प्रशिक्षण, जवानांचा विमा, हिंसाचारात मेलेल्यांच्या कुटुंबांना सानुग्रह रक्कम, आत्मसमर्पितांचे पुनर्वसन, ग्रामसुरक्षा दले यांवर राज्याने केलेला खर्च तिच्यातून परत मिळतो. नंतर तटबंदी असलेल्या पोलीस ठाण्यांची योजना आली. प्रत्येकी २ कोटी रुपये, नक्षलग्रस्त राज्यांत मिळून ४०० ठाणी, आणि केंद्र-राज्य वाटा ८०:२०.

हा पैसा डोळ्यांना दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यात छत्तीसगडच्या सीमेलगत वांगेतुरी येथे एका दिवसात पोलीस मदत केंद्र उभे राहिले : पोर्टा केबिन, जनरेटर शेड, आरओ प्लांट, मोबाइल टॉवर, संडास, भोवती संरक्षक भिंत (मॅक वॉल) आणि पहाऱ्याचे मोर्चे. अशा केंद्रांतल्या 'दादालोरा खिडकी'त गावकऱ्यांना दाखले आणि सरकारी योजनांचे अर्जही मिळतात. तलाठ्याचे काम पोलिसाने करावे हे चांगले की वाईट, यावर मतभेद होऊ शकतात. गावकऱ्याची पायपीट वाचते एवढे खरे. नक्षलवाद्यांसाठीचे शरणागती धोरणही २००५ पासून चालू आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली, हे या साऱ्या खटाटोपाचे सर्वांत मोठे फळ.

एसआरईच्या खर्चाच्या बाबी वाचताना मात्र एक उणीव जाणवते. तपास, पंच, साक्षीदार, सरकारी वकील यांचा त्यात जवळपास मागमूस नाही. कोर्टाच्या इमारतींसाठी केंद्राची वेगळी योजना आहे, पण खटला इमारतीवर उभा राहत नाही. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. साक्षीला जाणाऱ्याची मजुरी बुडते, आणि परत आल्यावर गावात कोण काय विचारील याची धास्ती वेगळीच. शिवाय १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी असल्याने ठाण्यांच्या डोक्यावर तिचे गुन्हे असतातच. दिल्लीच्या निधीला त्यांच्याशी कर्तव्य नाही.

माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतरांवर चाललेल्या खटल्यात तपासाची ही उणीव उघडी पडली. साईबाबांच्या दिल्लीतल्या घराची झडती अहेरीच्या पोलिसांनी घेतली. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोली सत्र न्यायालयाने सहाही आरोपींना दोषी ठरवले. पाच जणांना जन्मठेप, एकाला दहा वर्षे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) याखालील खटल्याची मंजुरीच सदोष ठरवून सर्वांना सोडले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणी लावली, आणि ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवले. मंजुरीतले दोष कायमच होते. जप्ती आणि इलेक्ट्रॉनिक पुरावाही सिद्ध झाला नाही. दरम्यान एक आरोपी कैदेत असतानाच वारला होता. ज्या पोलीस दलाकडे कमांडो आणि हेलिकॉप्टर आहेत, त्याचा खटला कागदावर आणि पंचनाम्यावर कोसळला.

मदत नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीला बांधलेली असते, हेही चंद्रपूरने अनुभवले. २०२१ च्या केंद्रीय फेररचनेत एसआरई यादीत महाराष्ट्रातले गडचिरोली आणि गोंदिया हे दोनच जिल्हे राहिले. चंद्रपूर वगळले गेले. नाव निघाले की निधी आटतो. ठाणी आणि मनुष्यबळ मात्र राहतेच, आणि त्यांचा खर्च राज्याच्या तिजोरीवर येतो.